चौकट कोणी आखायची?

पाचवीच्या मुलांना दीड पानाचा उतारा देऊन 'याचा सारांश लिहा' असे सांगितले, की वहीवर काय उमटणार हे मराठी शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही आधीच सांगता येते. पहिल्या परिच्छेदातली पहिली दोन वाक्ये जशीच्या तशी येतात, मधल्या भागातले एखादे वाक्य येते, बहुधा ज्यात सन किंवा विशेषनाम असेल असे, आणि मग उताऱ्याचे शेवटचे वाक्य उतरवून काम संपते. अक्षर सुबक असते, शुद्धलेखनही बरे असते, कारण सगळे शब्द छापील पानावरून आलेले असतात. शिक्षक त्याखाली 'स्वतःच्या शब्दांत लिही' असा शेरा देतात. पुढच्या वेळी तेच मूल 'प्राचीन'च्या जागी 'जुने' लिहिते, 'महत्त्वाचे'च्या जागी 'मोलाचे' लिहिते आणि बाकी सारे होते तसेच ठेवते. शेरा देणाऱ्याला वाटते की मूल टाळाटाळ करते आहे. मुलाला वाटते की सांगितले ते आपण केले. या दोघांच्या मध्ये शिकवण्याचे एक मोठे काम राहून गेलेले असते, आणि ते भाषेच्या तासाला किंवा परिसर अभ्यासाच्या तासाला, कोणाच्याच वाट्याला आलेले नसते.

मुलांच्या या पद्धतीचा अभ्यास पूर्वीच झालेला आहे. अमेरिकेत अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे या दोन संशोधकांनी १९८३ साली पाचवी, सातवी आणि दहावीची मुले व महाविद्यालयातले विद्यार्थी उताऱ्याचा सारांश कसा करतात, याची तुलना प्रसिद्ध केली. किंट्श आणि व्हान डाइक या अभ्यासकांनी १९७८ मध्ये वाचकाच्या मनात मजकुराचा गोषवारा कसा तयार होतो याची मांडणी केली होती. तिच्या आधारे या दोघींनी सारांशाची कृती पाच नियमांत उलगडली. बिनमहत्त्वाचा तपशील गाळणे आणि पुन्हा सांगितलेली गोष्ट गाळणे हे पहिले दोन नियम. वस्तूंच्या किंवा क्रियांच्या यादीऐवजी त्या सगळ्यांना सामावून घेणारा एक शब्द योजणे हा तिसरा. परिच्छेदाचा आशय सांगणारे वाक्य परिच्छेदातच असेल तर ते ओळखून उचलणे हा चौथा, आणि असे वाक्य नसेल तर ते स्वतः तयार करणे हा पाचवा. लहान मुलांना गाळणे चांगले जमते, असे त्यांना आढळले. अडचण पुढे सुरू होते. नवे वाक्य घडवण्याचा नियम पाचवीतल्या मुलांनी क्वचितच वापरला होता, आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनाही तो सहजी जमत नव्हता. वाचत जायचे, ठेवायचे की गाळायचे हे प्रत्येक वाक्याशी ठरवायचे आणि ठेवलेले वाक्य मूळ क्रमाने उतरवायचे, ही लहान मुलांची सर्वसाधारण रीत असते. आपल्या वर्गात दिसते ती हीच. ती त्या वयाची स्वाभाविक पायरी आहे, आणि तिच्या पुढची पायरी 'स्वतःच्या शब्दांत लिही' या शेऱ्याने चढता येत नाही.

तिसऱ्या नियमापाशी मी वर्गात सर्वांत जास्त रेंगाळते, कारण तिथे मुलांना यश लवकर मिळते आणि तरीही तो वाटतो तितका सोपा नाही. 'तूर, मूग, मठ, कुळीथ' म्हटल्यावर 'कडधान्ये' हा शब्द शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना लगेच सुचतो. परंतु 'त्यांनी शेत नांगरले, वखर फिरवला, काडीकचरा वेचला, बांध नीट केले' एवढ्या क्रियांना मिळून काय म्हणायचे, असे विचारले की वर्ग शांत होतो. एखादे मूल म्हणते, 'काम केले.' हे उत्तर चूक नाही, फक्त फार मोठ्या मापाचे आहे. त्यात विहीर खणणेही बसेल आणि शाळा झाडणेही बसेल. मग दुसरे मूल म्हणते, 'शेतीचे काम केले.' मापाचा अंदाज घेत घेत मुले 'पेरणीची तयारी केली' इथपर्यंत येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते गणित सुटल्याच्या समाधानासारखे असते. नेमक्या उंचीचा शब्द सापडणे, म्हणजे तपशील सामावून घेईल इतका मोठा आणि विषय निसटणार नाही इतका लहान, ही सारांशाची खरी मेहनत आहे. व्याकरणाच्या तासाला सामान्यनाम आणि विशेषनाम शिकवताना आपण या मेहनतीच्या अगदी शेजारून जातो, परंतु त्या दोन तासांची गाठ कोणी घालून देत नाही.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात शिकवते. पांझरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पुढे धुळे शहरातून वाहत जाते आणि तापीला मिळते. या नदीवर आणि नाशिक जिल्ह्यातल्या मोसम व आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धतीचे सिंचन होत आले आहे. मुलांच्या रोजच्या रस्त्यावरचे पाट आणि बंधारे त्यांच्या वाचनात यावेत म्हणून या पद्धतीवर मी एक उतारा लिहून काढला. नदीवरच्या दगडी बंधाऱ्याने अडलेले पाणी पाटात येते, पाटातून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून सारंगांनी, म्हणजे लहान पाटांनी, शेतात जाते, उरलेले पाणी सांडव्यावाटे बाहेर पडते, असे पहिल्या परिच्छेदात होते. दुसऱ्यात माणसे होती: पाणी वाटणारा पाटकरी, पिकांची राखण करणारा जागल्या, देखरेख करणारा हवालदार. तिसऱ्यात असे होते की भिजणारी जमीन सलग तुकड्यांत विभागलेली असते, त्या तुकड्यांना फड म्हणतात, एका फडात सगळ्यांनी एकच प्रकारचे पीक घ्यायचे असते, नदीला पाणी किती आहे ते पाहून यंदा कोणते फड भिजवायचे आणि कोणता पडीक ठेवायचा हे शेतकरी दर वर्षी मिळून ठरवतात, आणि शक्यतो प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. हे सगळे का केले जाते, याचे वाक्य मी उताऱ्यात लिहिले नाही. ते जाणूनबुजून गाळले होते.

सारांश लिहिण्याआधी मुलांना एवढेच सांगितले, की उतारा कोऱ्या कागदावर मांडून दाखवा. वाक्ये लिहायची नाहीत, हव्या तितक्या चौकटी, रेघा आणि बाण काढा. चौकटी किती असाव्यात आणि त्यांची नावे काय असावीत, याबद्दल मी काही बोलले नाही. असे काम पहिल्यांदा दिले की मुले बराच वेळ कागदाकडे पाहत बसतात. कोणी विचारते, 'मॅडम, किती रकाने पाडू?' त्या प्रश्नाला उत्तर न देणे शिक्षकाला जड जाते, परंतु ते द्यायचे नसते.

एका मुलाने दोन रकान्यांचा तक्ता केला: कोण, आणि काय करतो. त्यात पाटकरी, जागल्या आणि हवालदार नेटके बसले. पुढे 'शेतकरी' असे लिहून त्याच्यासमोर 'मिळून ठरवतात' असे लिहिले, आणि बंधारा व पाट यांना जागा नाही म्हणून तो अडला. माणसांचा तक्ता माणसांनाच घेऊ शकतो, हे त्याला स्वतःच्या हाताने कळले. त्याच्या शेजारच्या मुलीने कागद आडवा धरून पाण्याची वाट काढली होती. डावीकडे नदी, मग बंधारा, मग पाट, चारी, सारंग, शेत. आणि जिथे जो माणूस काम करतो तिथे त्याला उभे केले होते. पाटकरी चारीच्या तोंडाशी होता, जागल्या शेतात. तिच्या मांडणीत पहिला आणि दुसरा परिच्छेद एकत्र आले होते, जे उताऱ्यात वेगळे होते. मूळ क्रम सोडून आशयाच्या सोयीने नवा क्रम लावणे हे लहान मुलांना सहसा जमत नाही असे अभ्यासक सांगतात. चित्राने तिला ते सहज करू दिले. परंतु 'दर वर्षी मिळून ठरवतात' हे कुठे लिहायचे, हा प्रश्न तिलाही पडला. ठरवणे ही काही पाण्याच्या वाटेवरची जागा नव्हे. तिने ते आधी शेताजवळ लिहिले, खोडले, पाटाजवळ लिहिले, पुन्हा खोडले. शेवटी तिने नदीच्याही डावीकडे, कागदाच्या अगदी कडेला एक चौकट काढली आणि तिच्यापासून नदीकडे बाण नेला. का, असे विचारल्यावर तिचे म्हणणे असे होते की पाणी सोडण्याच्या आधी हे ठरलेले असते, म्हणून ते सगळ्यांच्या आधी हवे.

हे वाक्य उताऱ्यात कुठेही नव्हते. उताऱ्यात निर्णयाचा भाग तिसऱ्या परिच्छेदात, जवळजवळ शेवटी आला होता. चौकट कुठे काढायची या एका अडचणीमुळे तिला काळाचा क्रम शोधावा लागला. माहितीची मांडणी करणे म्हणजे विचार करणे, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसऱ्या कुठल्या कृतीत मिळालेला नाही.

आता आपल्या पाठ्यपुस्तकांकडे आणि परीक्षांकडे पाहावे. दहावीच्या मराठीत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, आणि तिचे वळण हळूहळू खालच्या इयत्तांपर्यंत उतरले. 'आकृती पूर्ण करा', 'चौकटी पूर्ण करा', 'ओघतक्ता पूर्ण करा' या सूचना आता चौथी-पाचवीच्या मुलांच्याही ओळखीच्या आहेत. हा बदल चांगल्या हेतूने झाला आणि त्याने भलेही केले. पाठ केलेले उत्तर उतरवून काढण्याला त्याने आळा घातला आणि मुलांना उताऱ्याकडे परत पाठवले, याबद्दल मला आदर आहे. परंतु या आकृत्यांमध्ये मधले वर्तुळ छापलेले असते, त्यातले शीर्षक छापलेले असते, बाहेर निघणाऱ्या चौकटींची संख्याही छापलेली असते. 'फड पद्धतीतील कामकरी' असे शीर्षक आणि तीन रिकाम्या चौकटी समोर असल्या, की मुलाला उताऱ्यात फक्त तीन नावे शोधायची उरतात. शोधणे हेही कौशल्य आहे आणि ते यायलाच हवे. परंतु माहितीचे गट कोणते, त्यांना नाव काय द्यायचे, एका गटाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे ज्याने आकृती काढली त्याने आधीच ठरवून टाकलेले असते. विचाराचा मोठा वाटा आकृती काढणाऱ्याने उचललेला असतो आणि मुलाच्या हाती रिकाम्या जागा येतात. अशा शेकडो आकृत्या भरलेले मूल दहावीत पोहोचते, तिथे त्याला अपठित उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहायला सांगितले जाते, आणि कोऱ्या कागदासमोर ते पुन्हा पाचवीतल्या रीतीकडे वळते.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की आठवड्यातून एकदा तरी चौकट मुलांनी आखावी. ती वाकडी होईल, अपुरी होईल, एकाच उताऱ्याच्या वर्गात पाच तऱ्हा होतील. त्या तऱ्हा फळ्यावर शेजारी शेजारी काढून कोणत्या मांडणीत काय बसले आणि काय बाहेर राहिले याची चर्चा करणे, हाच धडा आहे. वेळ लागतो, हे खरे. माझ्या वर्गात त्या उताऱ्याला जवळजवळ एक आठवडा गेला, आणि तो आठवडा मला कुठल्याही घटकचाचणीपेक्षा मोलाचा वाटतो.

सारांशातले सर्वांत अवघड काम, म्हणजे उताऱ्यात नसलेले मुख्य वाक्य घडवणे, त्याच आठवड्यात झाले, आणि ते घरच्या भाषेत झाले. आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलतात, काहींच्या घरी भिली किंवा कोकणा आदिवासींची कोकणी. 'हे सगळे कशासाठी करत असतील?' असे मी प्रमाण मराठीत विचारले तेव्हा मुलांनी उताऱ्यातलीच वाक्ये परत वाचून दाखवली. मग तोच प्रश्न गावाकडच्या बोलण्यात विचारला, आणि मागच्या बाकावरून एका मुलाने पटकन उत्तर दिले: 'पानी बठ्ठास्ले भेटाले जोयजे म्हनीसन.' सगळ्यांना पाणी मिळायला हवे म्हणून. त्यावर दुसऱ्याने भर घातली की कमी असले तरी. तीन परिच्छेदांचा गाभा त्या दोन बोलण्यांत आला होता. प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात का, एक फड पडीक ठेवला तर एकाच माणसाचे नुकसान का होत नाही, याची उत्तरे मग एकामागून एक आली. आम्ही ते वाक्य आधी तसेच फळ्यावर लिहिले आणि नंतर मिळून प्रमाण मराठीत आणले: 'पाणी कमी असले तरी ते सर्वांना मिळावे, यासाठी शेतकऱ्यांनी मिळून केलेली व्यवस्था म्हणजे फड पद्धत.'

पुस्तकी भाषा ज्या मुलांना अजून हाताळायला अवघड जाते, ती मुले पुस्तकातली वाक्ये उचलतात, कारण त्या भाषेत दुसरे वाक्य रचण्याची त्यांची तयारी नसते. अर्थ त्यांना कळलेला असतो. खानदेशातली मुले असोत, कोकणातली असोत, वऱ्हाडातली असोत किंवा गोव्यात कोकणी बोलणाऱ्या घरांतून मराठी शाळेत येणारी असोत, सारांशाचा पहिला खर्डा त्यांना घरच्या बोलीत तोंडी करू द्यावा. प्रमाण मराठीत आणणे हे दुसरे, वेगळे काम आहे आणि ते त्यानंतर शांतपणे करता येते. दोन्ही कामे एकाच वेळी मागितली की मूल सोपा मार्ग धरते आणि पानावरचे वाक्य उतरवते.

मजकुराच्या बांधणीबद्दलही थोडे सांगायला हवे. वाचनाच्या अमेरिकी अभ्यासक बॉनी मायर यांनी माहितीपर लेखनाच्या काही मूळ बांधण्या सांगितल्या आहेत: वर्णन, क्रम, कारण आणि परिणाम, समस्या आणि उपाय, तुलना. कोणती बांधणी आहे हे ओळखले की मांडणी आपोआप सुचू लागते. क्रम असेल तर बाण, तुलना असेल तर दोन रकाने. इंग्रजीतून आलेल्या शिक्षक-मार्गदर्शिका सांगतात की जोडशब्द पाहा, त्यावरून बांधणी कळेल. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र जोडशब्द पुष्कळदा नसतात. 'पाऊस उशिरा आला. पेरण्या लांबल्या. चाऱ्याचे भाव वाढले.' अशी तीन वाक्ये नुसती शेजारी ठेवलेली असतात आणि त्यांच्यातले कारण वाचकाने ओळखायचे असते. मोठ्या माणसाला ते जाणवतही नाही. दहा वर्षांच्या मुलाला मात्र ती तीन वेगवेगळ्या बातम्यांसारखी वाटतात, आणि मग सारांशात त्यातली एक राहते व दोन जातात. यावर मला लाभलेला उपाय साधा आहे. मुलांनी दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पेन्सिलीने एक शब्द लिहायचा: म्हणून, परंतु, मग, शिवाय, याउलट, उदाहरणार्थ, यांपैकी कोणताही. कधी दोन शब्द चालतात, आणि कोणता अधिक योग्य यावर वाद होतो. पान पेन्सिलीच्या शब्दांनी भरले की त्याची बांधणी डोळ्यांना दिसू लागते, आणि तीन वाक्यांचे एक वाक्य करण्याची वाट मोकळी होते: 'पाऊस लांबल्यामुळे पेरण्या आणि चारा दोन्हींवर परिणाम झाला.'

एकतृतीयांशाच्या नियमाबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. परीक्षेत तपासणी एकसारखी व्हावी म्हणून काही माप लागते, हे मान्य. लहान वर्गात मात्र मुले शब्द मोजत बसतात आणि मापात बसवण्यासाठी चांगली वाक्ये तोडतात. सारांश किती लांब असावा हे तो कोण वाचणार आणि कशासाठी वाचणार यावर ठरते, आणि ही गोष्ट मुलांना पटते कारण बोलताना ती रोज तसेच करतात. आईने 'शाळेत काय झाले' विचारल्यावर आणि गैरहजर मित्राने विचारल्यावर ती वेगवेगळे सांगतात. त्यामुळे त्या उताऱ्याचे आम्ही तीन सारांश केले. पहिला कोल्हापूरच्या एखाद्या शाळेतल्या मुलांसाठी, ज्यांनी फड पाहिलेला नाही. त्यात सारंग, सांडवा, जागल्या हे शब्द ठेवून त्यांचा अर्थ सांगावा लागला, आणि तो सारांश मूळ उताऱ्याच्या निम्म्याहून मोठा झाला. दुसरा गावातल्याच लोकांसाठी. त्यात हे सगळे गाळता आले, कारण त्यांना ते ठाऊकच होते, आणि उरले ते दर वर्षीच्या निर्णयाबद्दल. तिसरा वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या बंधाऱ्याच्या चित्राखाली लिहायचा होता, एका ओळीत. कोणता तपशील महत्त्वाचा आणि कोणता गौण, हे उताऱ्यात शिक्का मारून दिलेले नसते, वाचणाऱ्याच्या गरजेप्रमाणे ते बदलते, हे मुलांना या तीन कागदांवरून कळले. नुसते 'महत्त्वाचे तेवढे लिहा' म्हणून ते कळले नसते.

गोष्टींच्या बाबतीत मात्र जपून वागावे असे मला वाटते. 'दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' हा आपल्या शाळांतला जुना आणि गोड प्रकार आहे. लाकूडतोड्या, जंगल, नदी, कुऱ्हाड असे चार शब्द मिळाले की मुले गोष्ट फुलवतात. याची उलट कृती, म्हणजे वाचलेल्या गोष्टीतून मुद्दे काढणे, आपण फारशी करून घेत नाही, आणि ती अवश्य करावी. परंतु कवितेचा सारांश किंवा उत्तम कथेचा दोन वाक्यांतला निष्कर्ष लहान मुलांकडून लिहून घेऊ नये. तिथे जे गाळले जाते तेच वाचण्यासारखे असते.

हे सगळे पाचवीत सुरू करण्यापर्यंत थांबण्याची गरज नाही, हेही मला ठामपणे म्हणायचे आहे. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, आणि त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे लक्ष्य ठेवले आहे. प्रत्यक्षात शब्द घड्याळ लावून मोजता येतात, त्यामुळे ते मोजले जातात. 'अर्थासह' हे मोजायला कठीण, म्हणून त्यासाठी एखाददुसरा सोपा प्रश्न विचारून भागवले जाते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला सारांश कसा जमणार, असे सहकारी विचारतात. माझे उत्तर असे की सारांश ऐकूनही करता येतो. दुसरीतल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवावी आणि तीन बोटांवर तीन वाक्यांत सांगायला लावावी. चौथे वाक्य आले तर कोणते सोडायचे ते त्यांनीच ठरवावे. वाचन सुधारेपर्यंत विचार थांबवून ठेवणे मुलांवर अन्यायाचे आहे. जी मुले मंद वाचतात त्यांच्यापैकी काहींची निवड फार अचूक असते, आणि ही गोष्ट वर्गासमोर आल्याने त्यांचे वाचनही पुढे सरकते, असे मी पाहिले आहे.

मोठ्या भावंडांच्या मोबाइलवर आता कुठल्याही मजकुराचा सारांश क्षणात मिळतो, आणि त्याआधीही बाजारातल्या गाईडमध्ये तयार मुद्दे मिळतच होते. तयार सारांश नीट आहे की नाही, त्यात काय सुटले आहे, हे ओळखायचे तर ते काम एकदा स्वतः केलेले असावे लागते. याहून जास्त या विषयावर मला पाचवीच्या संदर्भात बोलावेसे वाटत नाही.

राहता राहिला तपासणीचा प्रश्न. मुलांनी आखलेल्या मांडणीला गुण कसे द्यायचे, असे प्रशिक्षणात हमखास विचारले जाते. आमच्या शाळेत चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात, त्यामुळे मला एक सोय आपोआप मिळाली. पाचवीच्या मुलाने आपला कागद चौथीच्या, उतारा न वाचलेल्या मुलाला द्यायचा, आणि चौथीच्या मुलाने तो पाहून विषय सांगायचा. तो जिथे अडेल तिथे मांडणीत काहीतरी सुटले आहे किंवा बाण चुकीचा आहे असे समजायचे आणि दुरुस्त करायचे. पाण्याची वाट काढणाऱ्या मुलीचा कागद वाचताना चौथीतला मुलगा कुठेही अडला नाही. त्याने सगळे नीट सांगितले आणि मग विचारले, 'पण चारीवर पहिलं पाणी कोणाला? वरच्याला की शेवटच्याला?' ती उताऱ्याकडे परत गेली, दोनदा वाचला, आणि मला येऊन सांगितले की हे यात दिलेलेच नाही. उतारा मी लिहिलेला होता, आणि तिचे म्हणणे बरोबर होते. तिने आपल्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात 'पाठात नाही' अशी एक चौकट काढून त्यात तो प्रश्न लिहिला. तेव्हापासून ती चौकट सगळ्यांच्याच कागदांवर येऊ लागली आहे. पाटकऱ्याला मोबदला कोण देते, पीक कोणते घ्यायचे यावर एकमत झाले नाही तर काय करतात, गाळ कोण काढतो, असे प्रश्न त्यात जमले आहेत. ज्यांचे आजोबा पाटाच्या कामावर असत त्या मुलांनी काहींची उत्तरे आणली आहेत, आणि बाकीची विचारण्यासाठी आम्ही पाऊस उघडल्यावर बंधाऱ्यावर जाणार आहोत.